गाडी वळलीच नाही

मोटार विम्याच्या क्लेम फॉर्मवर ‘अपघात कसा झाला’ असा एक रकाना असतो. दोन-अडीच ओळींची जागा. त्यात काय लिहिलेलं असणार, हे फॉर्म उघडायच्या आधी मी बरंचसं सांगू शकतो. कुत्रं आडवं आलेलं असतं, नाहीतर म्हैस, नाहीतर ‘अज्ञात मोटारसायकलस्वार’. वेग ताशी ४० असतो. ४० हा आपल्या लोकांचा फार लाडका आकडा आहे. एक्सप्रेस वेवरसुद्धा गाड्या चाळीसनेच आपटतात. आणि शेवटी, शब्द थोडे इकडचे तिकडे करून, एक वाक्य येतं : ब्रेक मारून गाडी वळवण्याचा प्रयत्न केला, परंतु गाडी न वळता सरळ गेली.

कुत्र्याबद्दल मला शंका असते. चाळीसवर तर माझा काडीचा विश्वास नाही. पण हे शेवटचं वाक्य मी खरं धरून चालतो.

त्याला कारण आहे. लायसन्स चालू असेल आणि चालक प्यालेला नसेल, तर चूक त्याचीच असली तरी त्याच्या गाडीचा खर्च विमा देतो. माझ्यासारख्या सर्व्हेअरने फक्त एवढंच बघायचं की सांगितलेली हकीकत आणि गाडीला झालेलं नुकसान एकमेकांशी जुळतं का. म्हणजे ‘गाडी वळली नाही’ असं खोटं सांगून त्या माणसाला एक पैसाही जास्त मिळायचा नसतो. तरीही तो ते सांगतो, परत परत सांगतो, चहा प्यायला बसलो तरी तिथेही सांगतो. कारण ते त्याचं त्यालाच कळलेलं नसतं.

कराड-चिपळूण रस्त्यावर, कुंभार्ली घाटात, अशीच एक गाडी बघायला गेलो होतो. मे महिना, रस्ता खडखडीत कोरडा. गाडी घाट उतरत होती. जुनी छोटी हॅचबॅक, एबीएस नसलेली. ओढ्यावरच्या एका मोरीपाशी रस्ता उजवीकडे वळतो आणि डाव्या अंगाला डोंगर येतो. गाडी वळण सोडून सरळ गेली, गटारात उतरली आणि दरडीला धडकली. दरी दुसऱ्या बाजूला होती म्हणून माणसं वाचली. मागच्या सीटवरच्या आजींच्या गुडघ्याला तेवढं लागलं होतं.

रस्त्यावर टायरचे दोन काळे पट्टे उमटले होते. वळणाच्या बरेच अलीकडे सुरू झालेले, अगदी सरळ. रस्ता वळला होता, पट्टे वळले नव्हते. टेप लावला तर गटाराच्या कडेपर्यंत २० मीटर भरले. गाडी अजून गटारातच होती, आणि तिची पुढची दोन्ही चाकं उजवीकडे पार शेवटपर्यंत वळलेली होती. आपटल्यावरही चाकं वळतात कधीकधी, म्हणून खाली बसून टायरवरून हात फिरवला. पुढच्या उजव्या टायरवर एका जागी रबर घासून सपाट चट्टा पडला होता. चाक न फिरता घसरत गेलं की असा पडतो. त्या चट्ट्यावरचे ओरखडे टायरच्या नक्षीला धरून सरळ नव्हते, तिरके गेले होते. म्हणजे चाक उजवीकडे वळलेलं होतं, जाम होतं, आणि तशाच अवस्थेत सरळ फरफटत गेलं होतं. दरडीवर आपटायच्या आधीच.

‘‘साहेब, मुलांची शपथ घेऊन सांगतो,’’ गाडीचे मालक म्हणाले, ‘‘स्टिअरिंग पूर्ण मारलं होतं मी. ते जामच झालं असणार.’’

गॅरेजमध्ये मिस्त्रीने गाडीचं तोंड जॅकवर घेतलं. आपटून वाकलेला डावा टाय रॉड सोडवला आणि स्टिअरिंग एका हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून दाखवलं. ‘‘यात काय नाय साहेब. चाकं जाम झाली होती यांची.’’ मालकांना ते पटलं नाही. चाकं जाम झाली म्हणजे ब्रेक लागला. आणि ब्रेक लागला तर गाडी थांबायला हवी, वळायला हवी, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याच काय, बहुतेकांच्या मनात ब्रेक आणि स्टिअरिंग ही दोन वेगळी खाती असतात. एक पायाचं, एक हातांचं. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

संबंध खाली, रस्त्यावर आहे. टायरमध्ये हवा साधारण सव्वादोन बार, पुढच्या एका चाकावर वजन समजा ३०० किलो. भागाकार केला की कळतं, त्या चाकाचं सव्वाशे-दीडशे चौरस सेंटिमीटर रबर जमिनीला टेकलेलं असतं. ब्रेक लागायचा तो त्यातूनच आणि गाडी वळायची तीही त्यातूनच. पकड एकूण किती मिळणार हे रबर, रस्ता आणि वजन ठरवतात. ती कुठल्या दिशेला खर्च करायची, एवढंच आपल्या हातात, किंवा पायात. जर्मनीतल्या श्टुटगार्टचे अभियंता वुनिबाल्ड काम यांच्या नावाने ओळखलं जाणारं एक वर्तुळ वाहनशास्त्राच्या पुस्तकांत असतं. मधल्या बिंदूपासून वर-खाली वेग वाढवणं-कमी करणं, आडवं वळणं. आणि कुठल्याही दिशेला गेलात तरी वर्तुळाबाहेर जाता येत नाही.

यातली फसवी गोष्ट अशी की हा हिशेब साध्या वजाबाकीचा नाही. पकडीतली १०० पैकी ८० ब्रेकला दिली तर वळायला २० उरत नाही, ६० उरते. गवंडी ३-४-५ च्या दोरीने भिंतीचा काटकोन काढतात, तोच हा त्रिकोण : ६०, ८० आणि कर्ण १००. म्हणून रोजच्या चालवण्यात बऱ्यापैकी जोरात ब्रेक मारूनही गाडी छान वळते. वर्षानुवर्षं वळते. माणसाला तिची सवय होते, भरवसा बसतो. आणि एके दिवशी पाय ८० वरून ९५ वर जातो. पायाला जाणवेल असा हा फरक नाही, पण वळायला आता उरते जेमतेम ३१. शंभराला शून्य.

शंभराच्या पुढे काय होतं, ते त्या तिरक्या ओरखड्यांत होतं. ब्रेक लागताना चाक गाडीच्या वेगापेक्षा थोडं हळू फिरत असतं. कोरड्या डांबरावर हा फरक दहा-वीस टक्क्यांच्या आसपास असताना पकड सगळ्यात जास्त मिळते. त्यापलीकडे दाबत गेलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत चाक थांबतं. गाडी थांबत नाही. न फिरणाऱ्या चाकावर घर्षण लागतं ते गाडी जिकडे चालली आहे त्याच्या बरोबर उलट दिशेने. चाकाचं तोंड उजवीकडे आहे का डावीकडे, रस्त्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं. फिरणारं चाकच वळवू शकतं, थांबलेलं नाही. आणि वळत नाही म्हणून माणूस स्टिअरिंग आणखी फिरवतो, त्याने तर काहीच साधत नाही.

साधत नाही एवढ्यावर भागलं तर बरं म्हणायचं. सपाटीवरच्या एका अपघातात गाडी आधी डाव्या कडेकडे सरळ घसरत गेली होती आणि मग एकदम उजवीकडे झेपावून समोरून येणाऱ्या टेम्पोवर गेली होती. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘अचानक दिशा बदलली’ असं होतं. अचानक काही नव्हतं त्यात. चाकं उजवीकडे पूर्ण वळवून ठेवलेली, घाबरून पाय ब्रेकवरून निघाला, चाकं पुन्हा फिरू लागली आणि इतका वेळ बाजूला पडलेला स्टिअरिंगचा हुकूम त्यांनी एका क्षणात पाळला.

बाकी त्या घाटातल्या वीस मीटरच्या पट्ट्यांवरून वेग काढता येतो, आणि तो काढताना मला थोडी मजा येते, हे कबूल करतो. घर्षणाचा गुणांक ०.७ धरला, उतार सहा टक्के धरून तेवढा वजा केला, तर फक्त ते पट्टे उमटवण्यातच ताशी ५७ किलोमीटरचा वेग खर्च होतो. त्यानंतर दरडीने बंपर, रेडिएटर आणि डावा फेंडर खाल्ला, तो वेग वेगळा. मालक ४० वर ठाम होते. मी वाद घातला नाही. क्लेमला त्याने काही फरक पडत नव्हता. मोरीवरचं ते वळण अंदाजे २० मीटर त्रिज्येचं होतं. ब्रेकला अजिबात पाय न लावता, सगळीच्या सगळी पकड वळायला दिली, तरी अशा वळणावरून कोरड्यात ४२ च्या आसपास जाता येतं. ओल्यात तिशीच्या थोडं वर.

आता एक गोष्ट सांगितली की लोक चिडतात. पुढची चाकं आधी जाम व्हावीत आणि गाडी सरळ जावी, हे गाडी बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठरवलेलं असतं.

ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते. हजार किलोची गाडी, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या आत-बाहेर, वजनाचा मध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या थोडा वर. जोराच्या ब्रेकला यातलं पावणेदोनशे-एकशेऐंशी किलो वजन मागून पुढे सरकतं. उभ्या गाडीत पुढे ६००, मागे ४०० असेल, तर त्या क्षणी पुढे ७८० आणि मागे २२०. मागची चाकं जवळजवळ रिकामी होतात. त्यांना पुढच्याइतकाच ब्रेक दिला तर ती आधी घसरणार. आणि मागची चाकं घसरली की गाडीची शेपूट पुढे यायला बघते, गाडी भोवऱ्यात सापडते आणि समोरच्या वाहनाला आडवी भिडते. समोरून आपटताना माणसापुढे बॉनेट असतं, चुरगळायला केलेला पत्रा असतो, पट्टा असतो, एअरबॅग असते. बाजूने आपटताना एक दरवाजा. म्हणून ब्रेकचं वाटप असं केलेलं असतं की हद्द ओलांडायची वेळ आलीच, तर पुढच्या चाकांनी आधी ओलांडावी. गाडी वळणार नाही, पण निदान सरळ राहील. दोन वाइटांतलं कमी वाइट तिच्या घडणीतच निवडून ठेवलेलं आहे. चालकाला हे कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

हे वाटप बिघडलं की काय होतं, ते पिकअप आणि छोट्या टेम्पोंमध्ये दिसतं. त्यांच्यात रिकामं आणि भरलेलं यांत जमीन-अस्मानाचा फरक, म्हणून मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेली एक दांडी आणि तिच्यावर चालणारा व्हॉल्व्ह असतो. माल असला की मागे ब्रेक जास्त जातो, रिकामी असली की कमी. कुणीतरी ‘मागचे ब्रेक नीट लागत नाहीत’ म्हणून ती दांडी तारेने वर बांधून टाकतो. मग भाजीपाला मार्केट यार्डात उतरवून रिकामा परतणारा टेम्पो पहाटे रस्त्यात आडवा सापडतो. सगळेच अशा कारणाने नव्हेत. पण आडवा झालेला रिकामा पिकअप दिसला की मी आधी वाकून ती तार बघतो. टायर बदलतानाही तेच. दोनच नवे घ्यायचे असले तर लोक हमखास पुढे टाकतात, ‘स्टिअरिंग पुढे आहे ना’ म्हणून. टायर कंपन्या मात्र मागे टाकायला सांगतात, त्याच जुन्या कारणाने.

एबीएसने हा प्रश्न बराच सोडवला. बॉशने ते १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासवर आणलं. आपल्याकडे नव्या मोटारींना सक्तीचं व्हायला २०१९ चा एप्रिल उजाडला. चाक थांबायला लागलं की ही यंत्रणा त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करते आणि पुन्हा लावते, सेकंदाला कित्येकदा. चाक फिरत राहतं, म्हणून वळण्यापुरती पकड हाताशी उरते. पुष्कळ जण मानतात की एबीएस गाडी लवकर थांबवण्यासाठी आहे. मुरमाच्या किंवा सुट्या खडीच्या रस्त्यावर उलट जास्त अंतर लागू शकतं, कारण जाम चाकापुढे खडीचा जो ढीग साचून अडवतो तो साचतच नाही. एबीएसचं खरं काम म्हणजे ब्रेक पूर्ण दाबलेला असताना गाडी वळवता यावी.

पण एबीएसच्या गाड्यांचेही क्लेम माझ्याकडे येतात, आणि तेच वाक्य घेऊन येतात. त्यात दोन तऱ्हा दिसतात. एक, पायाखाली पेडल थरथरलं, खालून करकर आवाज आला, काहीतरी तुटलं असं वाटून पाय उचलला गेला. दुसरी तऱ्हा जास्त वेळा दिसते. गाडी वळली असती, पण स्टिअरिंग फिरवलंच गेलं नाही. माणूस ज्या झाडाकडे बघत होता त्याच झाडावर गेला. आणि तिसरं एक उरतंच, वळणाला बेचाळीसची सोय आणि गाडी आली सत्तरने. एबीएस असलेली पकड नीट वाटून देतं, नसलेली कुठून आणणार?

पावसाळ्याबद्दल वेगळं काय सांगायचं. मृगाच्या पहिल्या सरीला आमच्याकडे फोन वाढतात, कारण उन्हाळाभर साचलेलं ऑइल आणि रबराची धूळ वर तरंगते आणि धुऊन जायच्या आधी तासभर रस्ता बुळबुळीत करून ठेवते. जोराचा पाऊस पुढे पडत राहिला की रस्ता उलट सुधारतो. कोकणात जांभ्याचा लाल चिखल, घाटातल्या नागमोडी वळणांवर काठोकाठ भरलेल्या टाक्यांमधून सांडलेलं डिझेल. सांगली-कोल्हापूरकडे गळीत हंगाम सुरू झाला की पावसाची वाटसुद्धा बघावी लागत नाही. ट्रॉल्यांमधून पडलेला ऊस चाकांखाली चिरडून त्याचा थर होतो, आणि दव पडलेल्या पहाटे त्याच्यावर ब्रेक मारणाऱ्याला देवच वाचवतो. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्याने टायर बाद. ते दाखवणारे छोटे उंचवटे टायरच्या खाचांमध्येच असतात. मी मालकाला ते दाखवतो, मालक गॅरेजवाल्याकडे बघतो, गॅरेजवाला माझ्याकडे बघून म्हणतो, ‘‘अजून पाचेक हजार निघाले असते साहेब.’’

या सगळ्याचा उपाय सांगायला सोपा आहे. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करायचा. तरीही आत गेल्यावर गाडी सरळ निघालीच, तर ब्रेकवरचा पाय थोडा उचलायचा आणि स्टिअरिंग थोडं परत घ्यायचं, म्हणजे चाकं फिरतील आणि पकड धरतील. घाटात गाड्या घालणारे जुने एसटी ड्रायव्हर ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं म्हणतात, त्यामागेही हाच विचार : पायाला घाई करायची वेळच येऊ द्यायची नाही. पण दरड अंगावर येताना ब्रेकवरचा पाय उचलायचा, हे मेंदूला कळून उपयोग नाही, पायाला कळावं लागतं. आपल्याकडे लायसन्सच्या परीक्षेत गाडी मागे घ्यायला लावतात, आठचा आकडा काढायला लावतात, चढावर थांबवून पुढे काढायला लावतात. ब्रेक कचकचून दाबायला कुणी सांगत नाही. बहुतेक लोक आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण ब्रेक दाबतात तो अपघाताच्या वेळी.

भाच्याने गाडी घेतली तेव्हा म्हणून त्याला एका रविवारी एमआयडीसीत घेऊन गेलो. ओळखीच्या एका माणसाची बंद शेड आहे, तिच्यापुढे मोठं मोकळं आवार. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत थोडी माती भरून त्या ओळीने उभ्या केल्या, अलीकडे टँकरने जमीन ओली करून घेतली. त्याच्या नव्या गाडीत आधी बसलो. ४० ला नेऊन पूर्ण ब्रेक दाब म्हटलं. त्याने दाबला तो सिग्नलला दाबतात तसा. ‘‘मोडेल ना मामा,’’ म्हणाला. नाही मोडत म्हणून सांगितल्यावर हळूहळू जोर यायला लागला, पेडल थरथरलं, त्याने दचकून पाय काढला, पुन्हा ठेवला. मग पेडल तळाला दाबलेलं असतानाच स्टिअरिंग फिरवायला लावलं. गाडी रुंद फेरा घेत बाटल्यांच्या बाजूने निघाली. त्याला गंमत वाटली.

मग माझ्या जुन्या गाडीत बसवलं, बिनाएबीएसच्या. तोच वेग, तीच जागा. ब्रेक, स्टिअरिंग डावीकडे पूर्ण, आणि गाडी सरळ बाटल्यांमधून. तो खिडकीतून मान बाहेर काढून डावीकडे वळलेल्या चाकाकडे बघत राहिला. आता परत कर, म्हटलं, आणि गाडी सरळ जायला लागली की पाय अर्धा उचल. जमेना. तोंडाने ‘उचलतो, उचलतो’ म्हणायचा आणि पोटरी ताठ. ‘‘पाय ऐकतच नाही, मामा.’’ वेग तीसवर आणला. दुपारपर्यंत पाय थोडा थोडा ऐकायला लागला. एकदा नाक वळलं आणि शेवटची बाटली मागच्या चाकाखाली गेली.

सावलीत बसून पाणी पिताना तो ओल्या जमिनीच्या अलीकडच्या कोरड्या पट्ट्याकडे बघत होता. ‘‘मी इथेच, ओलं लागायच्या आधीच ब्रेक मारून घेतला, आणि मग वळताना पाय लावलाच नाही, तर?’’

करून बघ, म्हटलं. बाटल्या पुन्हा उभ्या करायला मी उठलो.